टोप, पागोटें आणि घोंगडें

'टोप' हा शब्द उच्चारला असतां गृहिणीच्या डोळ्यांपुढें स्वयंपाकाचें भांडें उभें राहतें, इतिहासाच्या वाचकास जिरेटोप आठवतो, आणि नाटकमंडळींत आयुष्य घालविलेल्या माणसास खोटे केस आठवतात. इंग्रजांनीं खोट्या केसांसाठीं फ्रेंचांकडून एक स्वतंत्र शब्द उसना घेतला. आपण मात्र त्यांना शिरस्त्राणाच्या पंक्तीस बसविलें. वेणीस जोडावयाच्या केसांना आपल्याकडे 'गंगावन' असें निराळें नांव आहे. शोभा वाढवितें तें गंगावन आणि डोकें झांकतो तो टोप, असा हा भेद दिसतो. तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. उन्हापासून आपले केस वांचवावयाचे तर दुसऱ्याचे केस डोक्यावर घ्यावे, ही कल्पना ऐकावयास विचित्र आहे. पण जगांत ती पुरातन आहे, आणि भोर व वेल्हे ह्या डोंगरी मुलखांतही ती वेगळ्या वेषांत नांदत होती, असें आमचें म्हणणें आहे.

ह्या विषयांत पहिला मान मिसर देशाचा. तेथील सधन स्त्री-पुरुष आपले केस अगदीं आंखूड ठेवीत किंवा साफ काढून टाकीत, आणि मनुष्याच्याच केसांचे टोप घालीत. उवांचा उपद्रव टळे, स्वच्छता राही आणि कडक उन्हांत डोक्यावर सावली राही. हे केस मेण व राळ ह्यांनीं बसविलेले असत. थीब्स येथें सांपडलेला असा एक टोप लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. वरती कुरळ्या बटा आणि खालीं बारीक वेण्या, अशी त्याची दुमजली रचना आहे. त्याच मिसरची दुसरी बाजू हिरोडोटसानें सांगितली आहे. इ. स. पूर्वीं ५२५ मध्यें पेलूसियमजवळ इराणी व मिसरी सैन्यांची लढाई झाली. तिच्या जागेवर पडलेल्या कवट्यांविषयीं तो म्हणतो कीं, इराण्यांची कवटी खड्यानें फुटे, पण मिसऱ्यांची धोंड्यानेंही फुटत नसे. कारण मिसरी लोक लहानपणापासून मुंडण करून डोकें उन्हांत तापवीत, आणि इराणी लोक नमद्याची टोपी घालून तें सावलींत ठेवीत. ह्यांतील शारीरशास्त्र सोडून द्यावें. आम्हांस ह्यांत दिसतें तें एवढेंच कीं, एकाच देशांत एकाच वस्तऱ्याखालून गेलेल्या डोक्यांपैकीं कांहींना टोप मिळे आणि पुष्कळांना उन्हाशिवाय कांहीं मिळत नसे. डोक्यावरील सावली ही हवामानाइतकीच सामाजिक दर्जाची गोष्ट आहे.

युरोपांतील टोपांचा इतिहास आपणांस फार वेळ गुंतवून ठेवण्याजोगा नाहीं, कारण तेथें सूर्याचा संबंधच नव्हता. फ्रान्सच्या तेराव्या लुईनें टक्कल झांकण्यासाठीं १६२४ च्या सुमारास टोप घातला, चौदाव्यानें त्याचें वैभव केलें, आणि मग इंग्लंडांतले श्रीमंत लोक स्वतःचीं डोकीं भादरून परक्या केसांखालीं घाम गाळूं लागले. १७९५ मध्यें केसांवरील पुडीवर पिट ह्यानें वर्षास एक गिनी कर बसविला तेव्हां ही हौस ओसरली. वकिलांच्या डोक्यावर मात्र ती टिकली. १८२२ मध्यें रेव्हन्सक्रॉफ्ट नांवाच्या कारागिरानें घोड्याच्या केसांच्या टोपाचें पेटंट घेतलें, आणि माणसाच्या केसांची जागा पशूच्या केसांनीं घेतली. हा शेवटचा फेरबदल वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. असो. आमच्या पूर्वजांनीं ह्या लोकांना 'टोपीकर' म्हटलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही हाच शब्द आहे. डोक्यावर काय आहे त्यावरून माणूस ओळखावा, ही आपली जुनी रीत. ते मोठ्या माणसापुढें डोकें उघडें करीत, आपण तें झांकून जात असूं. आणि पागोटें उतरून पायांवर ठेवणें ही आपल्याकडे शरणागतीची परमावधि होती.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. सह्याद्रीच्या कण्याशीं, वरंधा घाटाच्या आणि मढे घाटाच्या बाजूस, पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेस नसरापुराकडे येतां येतां तो ओसरतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी ह्या नद्यांच्या ह्या खोऱ्यांना जुन्या कागदांत हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरें, वेळवंड खोरें अशीं नांवें आहेत. पुढें शंकराजी नारायण सचिवांच्या वंशाकडे हा टापू राहिला, आणि १९४८ मध्यें संस्थान विलीन होईपर्यंत त्याच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशीं किल्ल्यांचींच नांवें होतीं. येथें डोक्याला दोन शत्रु: चार महिने पाऊस, आणि तो सरला कीं उघड्या कातळावरचें ऊन. पुरुष हजामत करून शेंडी राखीत आणि वरून कित्येक हात लांबीचें मुंडासें गुंडाळीत. आपले केस काढावयाचे आणि त्यांच्या जागीं दुसरें आच्छादन बसवावयाचें, ही मिसरी युक्तीच होय; फरक इतकाच कीं केसांच्या ऐवजीं येथें कापूस आला.

पण मुंडासें उन्हास पुरलें तरी पावसास पुरत नाहीं; भिजलें कीं डोक्यावर ओझें होतें. पावसासाठीं कांबट्यांच्या सांगाड्यांत पानें बसवून केलेलें इरलें होतें, पण तें उन्हाळ्यांत निरुपयोगी. दोन्ही ऋतूंत चालणारी वस्तु एकच, ती म्हणजे घोंगडें. त्याची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडली कीं गुराख्याला पाऊस, वारा, थंडी आणि ऊन ह्या चारींशीं झुंजतां येई. आमचें कुतूहल ह्या खोळीपाशीं थांबतें. कारण घोंगडें म्हणजे मेंढीचे केस. वकिलाच्या डोक्यावर घोड्याचे केस असले तर त्यास आपण टोप म्हणतों. गुराख्याच्या डोक्यावर मेंढीचे असले तर त्यास घोंगडें म्हणतों. पदार्थाच्या दृष्टीनें ह्यांत काय भेद आहे?

शिवाय ही लोकर बहुतांशीं मावळची नव्हे. ह्या डोंगरमाथ्यांवर राहतात ते गवळी धनगर, आणि ते म्हशी पाळतात. मेंढीला हा चिखल सोसत नाहीं, तिचे खूर कुजतात. मेंढ्यांचे कळप पूर्वेकडील कोरड्या माळांवर, माण-खटाव-फलटणाच्या अंगास. तेथें दख्खनी मेंढी वर्षांतून दोनदां कातरावयाची, लोकर पिंजून सूत काढावयाचें, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची आणि सनगरानें तें मागावर विणावयाचें. म्हणजे जेथें पाऊस पडत नाहीं तेथल्या पशूचे केस, जेथें पाऊस थांबत नाहीं तेथल्या माणसाच्या डोक्यावर येत. ह्या देवघेवीनें देशाचे दोन स्वभाव एकमेकांस जोडले होते. एकदां पुरतें भिजलेलें घोंगडें मात्र लौकर वाळत नाहीं, आणि म्हणूनच न उरकणाऱ्या कामास आपण 'भिजत घोंगडें' म्हणतों.

आधुनिक शास्त्र ह्यासंबंधीं काय सांगतें? केस, लोकर, नख आणि शिंग हीं सर्व केराटिन नामक एकाच जातीच्या प्रथिनाचीं बनलेलीं असतात. सूर्याचे नीलातीत किरण ह्या प्रथिनांतील गंधकाचे बंध तोडतात व रंगद्रव्य फिकें करतात. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळें तो स्वतःस दुरुस्त करूं शकत नाहीं. मेलॅनिन नांवाचें काळें द्रव्य हा आघात पुष्कळ अंशीं आपल्यावर घेतें. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुधा काळी असते. कारखानदारांच्या लेखीं हे दोन्ही दोष, पण गुराख्याच्या डोक्यावर दोन्ही गुण. काळें वस्त्र उन्हांत अधिक तापेल अशी शंका कोणी घेईल. १९८० मध्यें नेगेव्हच्या वाळवंटांत बदावींच्या काळ्या व पांढऱ्या झग्यांवर प्रयोग झाला. काळें कापड तापलें खरें, पण अंगापर्यंत पोंचणारी उष्णता दोहोंत सारखीच भरली. मग २०२३ मध्यें अमेरिकन व इंग्रज संशोधकांनीं एका तापविलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर माणसाच्या केसांचे तीन टोप आळीपाळीनें चढविले: सरळ, थोडा कुरळा, फार कुरळा. तिन्हींनीं उन्हाची उष्णता अडविली. दाट कुरळ्यानें सर्वांत अधिक, कारण त्यांत हवा कोंडून राहते. खोळ आणि डोकें ह्यांमध्यें हवा राहतेच. ज्यानें ती तशी सैल घ्यावयास शिकविलें त्यास ह्या प्रयोगाची गरज नव्हती.

आतांपर्यंत आम्ही बहुतेक पुरुषांचेंच डोकें पाहिलें. स्त्रीचें डोकें पदराखालीं, आणि शेतावर इरल्याखालीं वा खोळीखालीं. परंतु एक डोकें असें होतें कीं त्यावरून वस्तरा फिरे तो ऊन, उवा किंवा स्वच्छता ह्यांपैकीं कशासाठींही नव्हे. भोर, वाई, पुणें अशा गांवांतील ब्राह्मण घरांत नवरा मेला कीं बायकोचे केस काढीत आणि तिच्या डोक्यावर तांबड्या आलवणाचा पदर येई. घरांतल्या पुरुषाचें डोकेंही भादरलेलेंच. पण त्यावर पगडी चढे आणि तो चारचौघांत मिरवे. वस्तरा तोच, न्हावी तोच. वर काय चढविलें जातें ह्यावरून एकाचा मान आणि दुसरीचा जन्मभराचा अपमान ठरे. खोटे केस आपणांस ठाऊक नव्हते असें नाहीं. नाटकांत पुरुष टोप घालून सीता-द्रौपदी होत, आणि लोक त्यांच्या केशकलापाची वाहवा करीत. घरांतल्या विधवेनें मात्र गंगावनाचें नांवही काढूं नये! त्याच डोंगरांत कुणबी व धनगर विधवेचे केस कोणी काढीत नसे, पाटही लागे. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलों त्यांच्या बायकांच्या डोक्यावर केस राहिले.

ह्या प्रकारावर आगरकरांनीं 'सुधारका'तून कोरडे ओढले, आणि पंडिता रमाबाईंच्या १८८९ मध्यें निघालेल्या शारदासदनांत कित्येक विधवांनीं केस वाढविले. पण ज्या हातांत वस्तरा होता त्या हाताचें स्मरण आपण फार कमी ठेवतों. १८९० मध्यें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचें मुंडण आम्ही करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. गांवगाड्यांत बलुत्यावर जगणाऱ्या जातीनें वरिष्ठांचें काम नाकारणें ही सामान्य गोष्ट नव्हे. शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितांच्या वादापेक्षां हा नकार आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

शेंडी गेली, पगडी गेली, आलवणही गेलें. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया आज देशोदेशीं आपले केस वेण्यांत बांधून वरून टोप घालतात, तो स्वतःच्या केसांस ऊन, धूळ व फणी ह्यांपासून विसांवा मिळावा म्हणून. तेथें मिसरची युक्ति अद्याप जिवंत आहे. वेल्ह्याच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत इरल्याच्या जागीं प्लास्टिकचा कागद दिसतो, आणि उन्हाळ्यांत गुराख्याच्या डोक्यावर जाहिरातीची टोपी. पूर्वेकडच्या माळावर मेंढ्या अजून कातरल्या जातात, कारण लोकर ठेवली तर त्यांनाच ती सोसत नाहीं. पण त्या जाड्याभरड्या काळ्या लोकरीस गिऱ्हाईक नसल्यामुळें कित्येक ठिकाणीं ती तेथेंच टाकून देतात.