दुर्गाघाटावरचा बाळंतविडा

नातीला सातवा महिना लागला आणि पुण्याहून तिची यादी आली. बाळासाठी घ्यायच्या पन्नासहून अधिक वस्तू होत्या त्यात. खाली तिने विचारलं होतं, "आजी, यातलं खरंच काय लागतं गं?" मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवली. आमच्या काशीच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बाळंतपणांतून जे उरलं, ते त्या पेटीत आहे. खणाची एक कुंची, हाताने शिवलेलं एक अंगडं, ठठेरी बाजारातून आणलेलं पितळी बोंडलं आणि दातांनी लाख निघालेला एक लाकडी खुळखुळा. लंगोट मात्र एकही नाही, दुपटंही नाही.

बाळाला सगळ्यात जास्त लागलेली वस्तूच पेटीत नाही, याचं नातीला नवल वाटलं. मला वाटलं नाही. लंगोट उरत नसतो, तो वापरून संपतो. आजीच्या लुगड्याचा लंगोट व्हायचा, लंगोटाचं फडकं व्हायचं आणि फडक्याचं शेवटी पोतेरं. कुंची वर्षातून दोनदा घातली जायची म्हणून ती शंभर वर्षं टिकली. नातीला हे सगळं लिहायला बसले आणि काशीतल्या मराठी घरांच्या बाळंतविड्याचा इतिहासच हाती आला.

बाळंतविडा माहेरहून येतो. अंगडं-टोपडं, कुंची, दुपटी, लंगोट, आईला साडी, डिंकाचे नि आळिवाचे लाडू, ऐपत असेल तर वाळे आणि बिंदल्या. बाराव्या दिवशी बारसं, त्याच्या आत तो पोचायला हवा. पण काशीतल्या मराठी सुनेचं माहेर बहुधा लांब, कोकणात किंवा देशावर, कारण ही घरं तिकडूनच इथे येत गेली. पैठणहून आलेलं भट्ट घराणं सोळाव्या शतकात इथे नांदत होतं. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेले. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. पेशव्यांच्या आणि शिंदे-भोसल्यांच्या काळात वैदिक, पुराणिक, कारकून, आश्रित असे कितीतरी लोक पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात स्थिरावले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर शेवटच्या पेशव्यांचे भाऊ चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले. मोरोपंत तांबे त्यांच्याच पदरी होते. मोरोपंत आणि भागीरथीबाईंची मुलगी मणिकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, इथेच जन्मली. अस्सीजवळ भदैनीला तिचं स्मारक आहे.

त्या काळी माहेर किती लांब होतं, ते विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'वरून कळतं. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून ते उत्तरेकडे निघाले, बराचसा प्रवास पायी झाला आणि परतायला वर्षं लागली. अशा वाटेने बाळंतविडा बारशाला कसा पोचणार? मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे रेल्वेने जोडली गेली ती १८७० मध्ये. काशीजवळचा गंगेवरचा डफरिन पूल, आजचा मालवीय पूल, १८८७ चा. तोवर इथल्या बायकांनी आपली सोय आपणच लावली होती. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. गल्लीत कोणाला दिवस गेले की पाचव्या महिन्यापासून घरोघरचं एक-एक विरलेलं लुगडं त्या घरी पोचायचं. देणारीने ते धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून द्यायचं. घेणारीने पुढच्या बाळंतिणीला तसंच द्यायचं. माहेर नसलेल्या बाईचं माहेर गल्ली व्हायची. माझ्या मते काशीतल्या मराठी बायकांनी केलेलं हे फार मोठं काम आहे, आणि कुठल्याही घाटावर त्याचा शिलालेख नाही.

त्या लुगड्याचे भाग कसे पाडायचे, हे आजीने मला शिकवलं. नऊ वार लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. पदराकडचं कापड जरा जाड राहतं, त्याची दुपटी करायची. कमरेशी आणि गुडघ्याशी घासून मऊ झालेल्या भागाचे लंगोट. मधल्या चांगल्या तुकड्यातून दोन-तीन अंगडी. काठ चिवट असतो, तो उसवून त्याचे बंद करायचे. अंगड्याला बटण नाही, काज नाही. बंद पुढे बांधायचा, म्हणजे पाठीखाली गाठ रुतत नाही. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण आतली शिवण बाळाच्या काखेत टोचते. कोरं कापड अंगाला लावायचंच नाही. त्यात खळ असते, रंग असतो. नवं आलंच तर चार वेळा धुऊन मग घालायचं. शेजारच्या भोजपुरी घरांतही हीच रीत होती. बाळाचा पहिला कपडा जुन्याचा, बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वापरातला. ते म्हणत, त्याचं आयुष्य लागतं. आम्हीही तेच म्हणत होतो.

लंगोटांची खरी परीक्षा पावसात. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, याच घरात, १९७८ च्या भाद्रपदात झालं. त्या सप्टेंबरात गंगा ७३.९० मीटरपर्यंत चढली. वाराणसीत नोंदलेली तिची ती सर्वांत मोठी पातळी. धोक्याची खूण ७१.२६ मीटरची. दुर्गाघाटाच्या पायऱ्या एकूण एक पाण्याखाली होत्या. हवा इतकी दमट की सकाळी धुतलेलं फडकं रात्रीही ओलं. माझ्याकडे दोन डझन लंगोट होते, ते दीड दिवसात संपायचे. आजीने वेताची टोपली शेगडीवर पालथी घातली आणि तिच्यावर एक-एक लंगोट पसरून वाळवला. समोरच्या घरातून पंधरा लंगोट आले, खालच्या मजल्यावरच्या यादव काकींनी आपल्या नातवाची कथरी पाठवली. ती कथरी, म्हणजे आपली गोधडीच, मुलीच्या अंगाखाली सहा महिने होती. त्या पंधरवड्यात आमच्या घरात बाळासाठी विकत आणलेल्या वस्तू दोनच. एक वार मेणकापड आणि सुईदोऱ्याची रिळं.

पुढे संस्कृत वाचायला लागले तेव्हा चरकसंहितेच्या शारीरस्थानात आजीचीच शिस्त सापडली. चरक सांगतात, बाळाचं अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं, स्वच्छ आणि सुवासिक असावं. घामाने, मळाने, मूत्राने खराब झालेलं टाकून द्यावं. आणि लगेच पुढे म्हणतात की दुसरं मिळण्यासारखं नसेल, तर तेच चांगलं धुऊन, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडं करून पुन्हा वापरावं. ज्याच्याकडे दुसरं नाही, त्याचा विचार त्या वैद्याने ग्रंथात केलेला आहे. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. सुश्रुताला विद्या देणारा दिवोदास धन्वंतरी तर काशीचाच राजा मानला जातो. सुश्रुतसंहिता बाळाला मऊ वस्त्रात गुंडाळायला आणि तशाच वस्त्राच्या बिछान्यावर निजवायला सांगते.

खेळण्यांबद्दल चरकांचे निकष आजही कुठल्याही कारखान्याने भिंतीवर लावावेत. खेळणं रंगीत असावं, आवाज करणारं असावं, जड नसावं, टोकदार नसावं, तोंडात जाईल एवढं लहान नसावं आणि बाळाला घाबरवणारं नसावं. माझ्या पेटीतला खुळखुळा यातल्या प्रत्येक कसोटीला उतरतो. तो काशीतल्या खोजवाँ-कश्मीरीगंज भागात खरादावर झाला. लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. पूर्वी हे काम कोरैया नावाच्या झाडाच्या लाकडावर चाले. ते तोडायला बंदी आल्यावर कारागीर निलगिरीकडे वळले. बनारसच्या या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. घेताना एवढंच विचारावं की रंग लाखेचाच आहे ना, कारण बाळ खुळखुळा आधी तोंडात घालतं.

पण पेटीतलं सगळंच मी नातीला देणार नाही. जुनं म्हणून सगळं चांगलं, असं म्हणणं बाळाशी प्रामाणिक नाही. त्याच चरकसंहितेत नवजात बाळाला मध-तूप चाटवायला सांगितलं आहे आणि आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चाटवलं. मधात बोट्युलिझमचे जंतू-बीज असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला त्यापासून जिवाला धोका होतो, हे १९७६ नंतर वैद्यकाला कळलं. म्हणून वर्षभर मध नाही. सहाणेवरची गुटी नाही, वरचं पाणीही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पहिला पिवळा चीक तर चुकवायचाच नाही. एकेकाळी आमच्याकडे तो पिळून टाकत, ही आमची चूक होती. डोळ्यांत काजळ नाही, त्यात शिसं असू शकतं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी नाही, बाळ सपाट बिछान्यावर उताणं निजवायचं. कपड्यांना द्यायची धुरी खोलीत बाळाजवळ आली आणि बाळाच्या छातीला बाधली, म्हणून तीही नाही. नाळेवर राख, हळद, शेण काही नाही, ती कोरडी ठेवायची. नाळेच्या धनुर्वाताने या देशात किती बाळं गेली, आणि तो रोग आटोक्यात आल्याचं प्रमाणपत्र भारताला २०१५ मध्ये मिळालं. स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि आईला लस, एवढ्याने हे साधलं.

नाळ कापणाऱ्या दाईबद्दलही लिहिलं पाहिजे. आमच्या गल्लीत ती दलित वस्तीतून यायची. सोयर असेपर्यंत ती आतल्या खोलीत, बाळ तिच्या मांडीवर. सोयर फिटलं की तिला उंबऱ्याबाहेरून धान्य आणि जुनं लुगडं. ज्या हातांनी बाळ पहिल्यांदा धरलं, त्या हातांना आम्ही पाण्याचा तांब्या शिवू दिला नाही. बाळंतविड्याचा इतिहास सांगताना हे वगळलं तर तो खोटा होईल.

गल्लीने केलेलं बाळंतविड्याचं काम जगात कुठेकुठे सरकारने अंगावर घेतलं. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब आयांसाठी बाळंतपणाची पेटी सुरू केली आणि १९४९ पासून ती सगळ्या आयांना मिळू लागली. अट एकच, गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याआधी तपासणीला यायचं. सुरुवातीच्या पेट्यांत शिवायला कापडच असे आणि रिकामी पेटी हेच बाळाचं पहिलं अंथरूण. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या आईसाठी बेबी केअर किट योजना आणली. आमच्या गल्लीने लुगडी गोळा केली, त्यामागेही हीच समज होती. बाळाची पहिली सोय एकट्या घरावर सोडायची नसते.

आता नातीला पाठवलेली माझी यादी. मऊ सुती लंगोट दोन ते तीन डझन, पावसाळ्यात जास्त. दुपटी आठ. पुढे बंद असलेली अंगडी सहा, टोपडी तीन, मोजे तीन जोड. मेणकापड दोन वार. एक घट्ट, सपाट गादी. मच्छरदाणी, ही काशीतही हवी आणि पुण्यातही. एक थर्मामीटर. नखं कापायला छोटी कात्री. वरचं दूध पाजायची वेळ आलीच तर उकळून घेता येईल अशी वाटी आणि चमचा. बाटलीच्या कोपऱ्यात जंतू राहतात आणि १९९२ च्या कायद्याने तिच्या जाहिरातीला मनाई आहे, ती उगीच नाही. एक खुळखुळा. विकतचे डायपर प्रवासापुरते. बाळ पौषात जन्मणार असेल तर लोकरीची एक शाल जास्त, कारण काशीचं धुकं आणि पुण्याची पहाट दोन्ही बोचतात. ज्येष्ठात असेल तर मलमलीचं एक अंगडंही पुष्कळ. थंडीत आपल्या अंगावर कपड्यांचे जितके पदर असतील त्याहून एक जास्त, हे माप लक्षात ठेवायचं. बाळाची आंघोळ, तेल, पाळणा यांना वेगळं दुकान लागत नाही. पाळणा शेजारून आणावा आणि काम झालं की पुढे द्यावा.

माझं शेवटचं नऊवारी मी परवा उसवलं. काठ बाजूला काढला, बाकीचं तीनदा धुऊन गच्चीवर उन्हात टाकलं. त्यातून अकरा लंगोट, चार दुपटी आणि दोन अंगडी निघाली. तुमच्याही घरात एखादं विरलेलं सुती लुगडं किंवा धोतर असेल. ते बोहारणीला देण्याआधी ओळखीत कोणाला दिवस गेले आहेत का, ते विचारा. धुऊन, वाळवून, घडी घालून त्या घरी नेऊन द्या.