कुंडल
सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील गाव. पुणे–मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी हे जवळचे स्थानक. त्याचे जुने नाव ‘कुंडल रोड’. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्यासाठी निवडला तो याच स्थानकाजवळचा माळ. गाव तेव्हा औंध संस्थानात असून तालुक्याचे ठिकाण होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले.

जैनांचे हे जुने क्षेत्र आहे. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, तर डोंगरावरील लेण्यांत झरी व गिरी पार्श्वनाथ. मात्र कुंडलचे नाव सर्वतोमुखी झाले ते प्रतिसरकारमुळे.

१९४२ च्या चळवळीत वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाल्यानंतर साताऱ्यातील (आजचे सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे) भूमिगतांनी मोर्चांचा नाद सोडला आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचे ‘प्रतिसरकार’ उभारले. न्यायनिवाडे, दारूबंदी, हुंडा व मानपान टाळून लावलेली ‘गांधी लग्ने’ ही त्याची कामे. या सरकारची फौज म्हणजे तुफान सेना. तिचे केंद्र कुंडल, जी. डी. (बापू) लाड तिचे फील्ड मार्शल, तर रामचंद्र श्रीपती लाड ‘कॅप्टन भाऊ’. हुद्दे भारदस्त, पण सैनिक शेतकऱ्यांची पोरे व हत्यार बहुधा काठी. गाव संस्थानी हद्दीत असल्याचा आडोसाही मिळे.

७ जून १९४३ रोजी शेणोली (ता. कराड) येथे या सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. रुळांवर धोंडे रचले. गाडी थांबताच तिला मागे सरकता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही रचले. जवळ विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बाँब. बंदूक होती ती गार्डाकडे, पण तो घाबरला. १९,१७५ रुपये हाती लागले. कॅप्टन भाऊंना याला ‘लूट’ म्हटलेले खपत नसे. लोकांचाच पैसा लोकांकडे आणला, असे ते सांगत. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे सरकारी खजिना पळवला, तेव्हाची रक्कम साडेपाच लाखांची होती. त्यात जी. डी. बापूंबरोबर नागनाथअण्णा नायकवडी होते. अण्णांनी पुढे आझाद हिंद सेनेतील दोन शीख जवान सैनिकांना शस्त्रशिक्षण देण्यासाठी आणले. त्यांपैकी नानकसिंग मणदूर (ता. शिराळा) येथील चकमकीत किसन अहिर यांच्यासह हुतात्मा झाले.

प्रतिसरकारला पडलेल्या ‘पत्री सरकार’ या नावाची कथा सर्वांना ठाऊक आहे : गुंडांच्या व खबऱ्यांच्या पायांना पत्री ठोकत. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे फटके देत, असे चळवळीतील जुनी माणसे सांगत आणि तेच पटण्याजोगे आहे. तळव्यावर मार खाल्लेला माणूस काही दिवस धड चालू शकत नसे. गावाला तेवढे पुरे होते. १९४६ मध्ये वॉरंटे उठली, नाना पाटील उघडपणे वावरू लागले व सेनेचे काम संपले.

ऊस व द्राक्षे ही पिके. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना व वन खात्याची प्रशिक्षण प्रबोधिनी येथे आहेत. कुस्तीचे मैदान प्रसिद्ध. जी. डी. बापूंचे २०११ मध्ये, तर कॅप्टन भाऊंचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले. शेणोलीला रुळांलगत गाडी अडवल्याच्या घटनेचा स्मृतिस्तंभ आहे.