मांजरांतील श्वसनमार्गाचे विषाणुजन्य रोग

पाळीव मांजरांचे नाक, घसा, श्वासनाल व डोळ्यांची श्लेष्मकला यांना होणाऱ्या सांसर्गिक रोगांचा हा समूह होय. शिंका, ताप, नाकाडोळ्यांतून प्रथम पाण्यासारखा व नंतर पुवासारखा स्राव आणि तोंडात व्रण ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. मांजराला पडसे झाले, असे मालक सहज म्हणून जातो. प्रौढ मांजर बहुधा बरेही होते. तथापि नाक चोंदल्यामुळे अन्नाचा वास येईनासा झाला की, ते खाणे सोडते. पिलांना तर दूध ओढता येत नाही आणि ती थोड्याच दिवसांत दगावू शकतात. अनेक मांजरे एकत्र ठेवलेल्या निवाऱ्यांत व पैदास केंद्रांत हे रोग आजही कायमचे ठाण मांडून असतात.

या रोगांच्या इतिहासाचा प्रारंभ एका चुकलेल्या वाटेने झाला. अमेरिकेतील रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत काम करणारे जेम्स बेकर यांनी १९४२ मध्ये फुप्फुसशोथ झालेल्या मांजरांतून एक रोगकारक मिळविल्याचे प्रसिद्ध केले. तो जिवंत कोशिकेबाहेर वाढत नसल्यामुळे त्या काळच्या व्याख्येनुसार त्याची गणना विषाणूंत झाली. माणसातील अप्रारूपिक न्यूमोनियाशी त्याचा संबंध असावा, असाही तर्क बेकर यांनी मांडला होता. हा रोगकारक शुकरोगाच्या गटातील असल्याचे १९४४ मध्येच दिसून आले. परंतु तो संपूर्ण गटच विषाणू नसून सूक्ष्मजंतूंचा आहे, हे १९६०–७० या दशकात स्पष्ट झाले. आज त्याला क्लॅमिडिया फेलिस म्हणतात. तो मुख्यतः डोळे येण्यास कारणीभूत होतो व टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैव पदार्थांना दाद देतो. (माणसातील अप्रारूपिक न्यूमोनियाचा एक प्रमुख कारकही १९६२ मध्ये मायकोप्लाझ्मा, म्हणजे विषाणू नसलेलाच, ठरला.) मधल्या काळात मात्र ‘मार्जार फुप्फुसशोथ’ हे नाव मांजराच्या जवळजवळ प्रत्येक पडशाला लावले जाई. नाव मिळाले की कारण कळले असे वाटू लागते, आणि येथेही तसेच घडले.

खऱ्या विषाणूंचा शोध लागण्यास ऊतकसंवर्धनाचे तंत्र उपलब्ध व्हावे लागले. एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये बालपक्षाघाताचा विषाणू तंत्रिकेतर ऊतकात वाढवून दाखविल्यानंतर पशुवैद्यक संशोधकही मांजराच्या वृक्कातील कोशिकांचे संवर्धन करू लागले. न्यूझीलंडमध्ये एल. बी. फास्टियर यांनी १९५७ मध्ये मांजरातून एक नवा विषाणू वेगळा केला. पुढे श्वसनरोगाचा म्हणून ओळखला गेलेला हा विषाणू प्रथम आतड्यातून मिळाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. आरंभी तो पिकॉर्ना विषाणूंत मोडत असे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठावर पेल्यासारखे खळगे दिसतात. चषक या अर्थाच्या शब्दावरून त्याच्या गटाला कॅलिसिव्हायरस हे नाव पडले आणि १९७९ मध्ये त्या गटाचे स्वतंत्र कुल मानण्यात आले. क्रँडेल व मॉरर यांनी अमेरिकेत १९५८ मध्ये दुसरा विषाणू मिळविला. बाधित कोशिकांच्या केंद्रकांत तो विशिष्ट पिंड निर्माण करतो. हा परिसर्प (हर्पीझ) विषाणू असून त्यामुळे होणाऱ्या रोगाला नासा-श्वासनालशोथ म्हणतात.

बरे झालेले मांजर रोगमुक्त असतेच असे नाही, हा यानंतरचा शोध व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा ठरला. ब्रिस्टल येथे पोव्ही, गॅस्केल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–८० या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. परिसर्प विषाणू ट्रायजेमिनल तंत्रिकेच्या गुच्छिकेत सुप्त राहतो. जागा बदलणे, पिलांना पाजणे किंवा कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे देणे अशा ताणानंतर सुमारे आठवड्याने तो पुन्हा स्रावांतून बाहेर पडू लागतो. त्या वेळी मांजराला शिंकही येत नसेल. पाजणारी मादी आपल्याच पिलांना रोग देते तो अशा रीतीने. कॅलिसिव्हायरसचे वाहक मात्र घशातून तो सतत बाहेर टाकीत असतात, काही आठवडे तर काही वेळा आयुष्यभर. शिवाय त्याला मेदावरण नसल्यामुळे कोरड्या जागीही तो कित्येक दिवस टिकतो; परिसर्प विषाणू एखाद्या दिवसात निष्क्रिय होतो. म्हणून पिंजरे, भांडी व हाताळणाऱ्याचे हात यांची स्वच्छता पहिल्या विषाणूच्या बाबतीत अधिक कसोशीने पाळावी लागते.

दोन्ही विषाणूंविरुद्धच्या लसी याच दशकात प्रचारात आल्या. त्यांनी आजाराची तीव्रता कमी केली. संसर्ग व वाहकावस्था मात्र थांबविली नाही. परिसर्प विषाणूचा प्रतिजनी प्रकार एकच असल्याने तेथे अडचण कमी आहे. कॅलिसिव्हायरसचा रिबोन्यूक्लिइक अम्लाचा जीनसंच सतत बदलतो. या बदलाचे टोकाचे उदाहरण १९९८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात दिसले. चेहरा व पाय सुजणे, त्वचेवर व्रण, रक्तस्राव अशी लक्षणे असलेल्या या साथीत लस टोचलेली प्रौढ मांजरेही मेली.

इन्फ्ल्यूएंझाचा प्रकार याहून वेगळा आहे. मांजरांना त्याची फारशी बाधा होत नाही असे पूर्वी मानीत. थायलंडमध्ये २००४ मध्ये एच५एन१ या पक्ष्यांतील प्रकाराने पाळीव मांजरे व प्राणिसंग्रहालयातील वाघ मेल्यावर ही समजूत मागे पडली. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. येथे बाधा बहुधा आजारी पक्षी किंवा त्यांचे कच्चे मांस खाल्ल्याने होते, श्वसनाच्या त्रासाबरोबर झटके येणे व तोल जाणे हीही लक्षणे दिसतात आणि मांजरांना नेहमी टोचल्या जाणाऱ्या पडशाच्या लसींचा त्यावर काही उपयोग होत नाही.