पसाऱ्यात अडकलेल्यांना मदत: कॉलियर बंधू आणि नंतर

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या वडिलोपार्जित घरात होमर आणि लँगली कॉलियर हे भाऊ राहत. वडील डॉक्टर होते, दोघेही कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. होमर वकील, तर लँगली पियानो वाजवणारा. १९२९ मध्ये आई गेल्यावर त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत गेला. १९३३ मध्ये होमरची दृष्टी गेली. लँगली त्याला आठवड्याला शंभर संत्री खाऊ घाली आणि पुन्हा दिसू लागल्यावर त्याला वाचता यावीत म्हणून वर्तमानपत्रे जपून ठेवी. लोकांच्या लेखी ती निव्वळ रद्दी होती. लँगलीने मात्र भाऊ बरा होईल ही आशाच त्या गठ्ठ्यांत बांधून ठेवली होती.

१९४२ मध्ये कर्ज थकल्याने बँकेने घर खाली करून घेण्याची तयारी केली. पोलीस आत शिरू लागले तेव्हा सामानाचा ढीग आडवा आला. लँगलीने सुमारे ६,७०० डॉलरचा चेक फाडून सगळे कर्ज एकरकमी फेडले आणि आलेल्यांना निघून जायला सांगितले. कर्ज फिटल्यावर आत जाण्याचे कारणच उरले नाही. २१ मार्च १९४७ रोजी एका निनावी फोनवरून पोलीस खिडकीतून आत गेले, तेव्हा होमर मृतावस्थेत सापडला. लँगलीचा शोध गावभर चालला होता. ८ एप्रिलला त्याचा मृतदेह त्याच खोलीत, भावापासून जेमतेम दहा फुटांवर, कोसळलेल्या ढिगाखाली मिळाला. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले आणि पुढे घरही पाडले गेले.

अशा माणसांकडे विक्षिप्त म्हणून पाहण्याची रीत नंतरही बरीच वर्षे टिकली. शेजाऱ्यांनी तक्रार करायची आणि नगरपालिकेने ट्रक लावून घर रिकामे करायचे, एवढीच मदत. आजाराची दखल घेणारे संशोधन उशिरा आले. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजचे रँडी फ्रॉस्ट आणि त्यांची विद्यार्थिनी रेचेल ग्रॉस यांनी वस्तू टाकवत नाहीत अशा लोकांसाठी स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तेव्हा शंभरावर फोन आले. हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानसूचीत वस्तू साठवण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

अशा अभ्यासांमुळे मदतीतली खरी अडचण उघड झाली. अशा अनेकांना आपले काही बिघडले आहे असे वाटतच नाही. चिंता असते ती घरच्यांना. नातेवाइकांनी पाठीमागे घर आवरले की विश्वास तुटतो, दार कायमचे बंद होते आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरू लागते. म्हणून फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी घडवलेल्या उपचारात मदतनीस परवानगीशिवाय वस्तूला हात लावत नाही. एखादा खण उघडायचा, त्यातली जुनी पावती त्या माणसानेच उचलायची, ती टाकताना कशाची भीती वाटते ते बोलायचे आणि मग ठेवायची की नाही हे त्यानेच ठरवायचे. एवढ्यालाही बराच वेळ जातो. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि सुधारणा झाली तरी अनेकांच्या घरी पसारा उरतोच.

जिथे माणूस उपचाराला तयार नसतो, तिथे आता निदान धोका कमी करण्यावर भर दिला जातो. शेगडीजवळचे कागद हलवणे, पलंगापासून दारापर्यंत वाट मोकळी ठेवणे, धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे, एवढ्यावर आधी सहमती घेतली जाते. बाकीचे सामान तूर्त जागच्या जागी राहते.