औषधांना दाद न देणारे जिवाणू आणि वनस्पतींतील फिनॉल संयुगे

मध्य प्रदेशातील जबलपूरच्या परिसरात आणि तेथून मंडला, डिंडोरी जिल्ह्यांकडे पसरलेल्या वनक्षेत्रात हिरडा, बेहडा, आवळा, अर्जुन आणि खैर हे वृक्ष आढळतात. त्यांच्या फळांत, सालीत किंवा लाकडात तुरटपणा हा समान गुण आहे. तो टॅनिनमुळे येतो आणि टॅनिन हे फिनॉल वर्गातील संयुग आहे. प्रचलित औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्ध अशा संयुगांचा उपयोग होईल काय, याचा शोध जगभरातील प्रयोगशाळांत सुरू आहे.

या शोधाची निकड मोठी आहे. औषधप्रतिकारक जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडल्याचा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच २०१९ साली मध्य प्रदेशाने या प्रश्नावर राज्य कृती आराखडा जाहीर केला. असा आराखडा करणारे ते केरळनंतरचे दुसरे राज्य होते.

फिनॉल संयुगे म्हणजे काय?

बेंझिनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की फिनॉल तयार होते. जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेच्या जखमा निर्जंतुक ठेवण्यासाठी वापरलेले आणि १८६७ साली जगापुढे मांडलेले कार्बोलिक आम्ल हे फिनॉलच होय. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, हळदीतील कर्क्युमिन आणि चहातील कॅटेचिन ही याच वर्गातील संयुगे आहेत. बुरशी, कीटक व जंतूंपासून बचाव करण्यासाठी वनस्पती ती तयार करतात.

थायमॉलसारखी लहान संयुगे जिवाणूचे पेशीपटल सच्छिद्र करतात. टॅनिन प्रथिनांना चिकटून विकरांचे कार्य थांबवते. काही संयुगे जिवाणूंमधील, औषध बाहेर फेकणारे 'पंप' बंद पाडतात. २००० साली अमेरिकी संशोधकांनी दारुहळदीच्या प्रजातीतील झुडपांत असे एक संयुग दाखवून दिले. एकटे असताना ते जवळपास निष्प्रभ होते. मात्र त्याच झुडपातील बर्बेरिनची जिवाणूनाशक शक्ती त्याने कित्येक पटींनी वाढवली. जुन्या प्रतिजैविकांना पुन्हा प्रभावी करणारे साहाय्यक द्रव्य म्हणून फिनॉल संयुगांकडे पाहिले जाते, ते यामुळेच.

हिरड्याच्या बाबतीत १९९७ साली जपानी संशोधकांनी फळातून गॅलिक आम्ल व त्याचे एस्टर वेगळे केले. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर ती परिणामकारक ठरली.

मर्यादा

परीक्षानळीतील यश म्हणजे औषध नव्हे. वनस्पतींच्या कच्च्या अर्काची मात्रा प्रतिजैविकांच्या तुलनेत बहुधा फार मोठी लागते. पोटात गेल्यावर ही संयुगे अल्प प्रमाणात शोषली जातात, यकृतात त्यांचे रूप बदलते आणि रक्तातील प्रथिनांना चिकटून ती निष्प्रभ होतात. ऋतू, माती आणि फळाच्या पक्वतेनुसार त्यांचे प्रमाणही बदलते. म्हणूनच शरीरभर पसरलेल्या संसर्गावर प्रमाण उपचार ठरलेले वनस्पतिजन्य फिनॉल औषध अद्याप उपलब्ध नाही.

जबलपूरचे स्थान

जबलपूरला १९८४ साली स्थापन झालेली आदिवासी आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. सहरिया आदिवासींमधील क्षयरोगाचा अभ्यास तिने केला आहे. १९८८ सालची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थाही येथेच असून तिचे कार्यक्षेत्र महाराष्ट्रापर्यंत पोहोचते. रोग आणि वनस्पती या दोन्हींचे जाणकार एकाच शहरात आहेत, ही अशा संशोधनासाठी अनुकूल बाब होय.

मात्र मागणी वाढल्यास जंगलावरील ताणही वाढतो. अर्जुनाची साल खोडाभोवती पूर्ण सोलल्यास झाड मरते. जुन्नर, आंबेगावपासून मंडल्यापर्यंत हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातून मिळणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप व्हावे, अशी तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे.

तोपर्यंत रुग्णांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काढा किंवा चूर्ण हे प्रतिजैविकांना पर्याय नाहीत. क्षयरोगाचे औषध अर्ध्यावर सोडल्यास रोग बळावतो आणि औषधप्रतिकारक जिवाणू निर्माण होण्याचा धोका वाढतो. वनौषधी घेत असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.