'गाव' म्हणजे गाय : एका इराणी चित्रपटाचा न सुटलेला अर्थ

मराठीत 'गाव' म्हणजे चार घरं, एक पाणवठा, एक पार. फारसीत 'गाव' म्हणजे गाय. दोन्ही शब्द कानाला सारखे, पण कुळं वेगळी. आपलं गाव 'ग्राम'वरून आलं. फारसीतला गाव हा आपल्या गो, गाय आणि गवा यांचा सख्खा भाऊ. यूनानी दवाखान्यात मिळणारा 'खमीरा गावजबान' आमच्यापैकी अनेकांच्या घरी असतो. त्यातलं गावजबान म्हणजे गायीची जीभ. त्या वनस्पतीचं पान जिभेसारखं खरखरीत असतं, म्हणून हे नाव.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द सापडले की हात शिवशिवतात. पण आज लिहायचं आहे ते 'गाव' नावाच्या एका इराणी चित्रपटाबद्दल. १९६९ साली दारियुश मेहरजुई यांनी तो काढला. चित्रपट एका गायीचा आहे आणि तितकाच एका गावाचा आहे, त्यामुळे मराठी माणसाला त्याचं नाव दोन्ही अर्थांनी बरोबर वाटेल.

गोष्ट थोडक्यात अशी. एका उजाड, गरीब खेड्यात मश हसन नावाचा माणूस राहतो. 'मश' हे 'मश्हदी'चं छोटं रूप. मश्हदची जियारत करून आलेल्याला लोक मानाने असं म्हणतात, जसं आपल्याकडे हाजीसाहेब. गावात एकच गाय आहे आणि ती हसनची आहे. तो तिला पाण्यात नेऊन न्हाऊ घालतो, तिच्याशी बोलतो, तिच्याजवळ गोठ्यात निजतो. गाय गाभण आहे. एकदा हसन कामासाठी शहरात जातो आणि मागे गाय मरते. ती कशाने मेली, हे चित्रपट सांगत नाही. गावकरी घाबरतात. याला हे सांगायचं कसं? शेवटी ते गाय जुन्या विहिरीत पुरतात आणि हसन परतल्यावर त्याला सांगतात की गाय पळून गेली.

हसनला ते पटत नाही. माझी गाय पळणारी नाही, एवढंच तो धरून बसतो. छतावर बसून वाट पाहतो, मग गोठ्यात जाऊन बसतो, कडबा चघळू लागतो. एक दिवस तो सांगतो की मी हसन नाही, मी हसनची गाय आहे. हसन छतावर बसून माझी राखण करतो आहे.

गावकरी त्याला दोरखंडाने बांधून शहरातल्या इस्पितळात न्यायला निघतात. पाऊस, चिखल, चढ. तो हलत नाही, तेव्हा त्यांच्यातला सर्वांत शहाणा आणि सर्वांत मायाळू माणूस, मश इस्लाम, हातातल्या चाबकाने त्याला जनावरासारखं हाकू लागतो. हसन सुटतो, उतारावरून कोसळतो आणि मरतो. तिकडे गावात एका लग्नाची तयारी चालू असते.

ही कथा मुळात गुलाम हुसेन साएदी यांची. त्यांचा जन्म १९३६ मध्ये तबरीझचा. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, लिखाणाने कथाकार आणि नाटककार. १९६४ साली त्यांचं 'अज़ादाराने बयल' हे पुस्तक आलं. बयल नावाच्या खेड्यातल्या एकमेकींत गुंफलेल्या आठ कथा. 'अज़ादार' म्हणजे शोक पाळणारे. मोहरममुळे हा शब्द आमच्याकडेही घरोघरी माहीत आहे. मेहरजुई अमेरिकेत लॉस एंजेलिसला चित्रपट शिकायला गेले होते आणि तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन परतले. त्यांचा पहिला चित्रपट जेम्स बॉण्डच्या धाटणीचा होता. दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी साएदींना बरोबर घेतलं आणि दोघांनी मिळून 'गाव'ची पटकथा लिहिली. हसनचं काम इज्जतुल्ला इंतज़ामी यांनी केलं, इस्लामचं अली नसीरियान यांनी.

यात गंमत अशी की चित्रपटाला पैसा शाहाच्या सरकारी संस्कृती खात्याने दिला होता आणि तयार झाल्यावर तो सरकारनेच अडवला. कारण समजायला अवघड नाही. १९६३ पासून शाहाची 'श्वेत क्रांती' चालू होती. जमीन सुधारणा, खेड्यात शाळा, खेड्यात डॉक्टर असा डंका जगभर पिटला जात होता. अशा वेळी पडद्यावर एक खेडं, आणि अख्ख्या खेड्यात एक गाय! अखेर ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे, अशी पाटी जोडून चित्रपट दाखवायला परवानगी मिळाली. १९७१ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात पोहोचला आणि तिथल्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी शिकागोच्या महोत्सवात इंतज़ामी यांना अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

आता मूळ प्रश्न. ही गाय म्हणजे काय?

पहिलं उत्तर राजकारणाचं. गावाची एकुलती एक गाय म्हणजे इराणचं तेल. एकाच दौलतीवर अख्खं घर उभं, ती गेली की माणूस स्वतःलाच हरवून बसतो. १९५१ साली मुसद्दिक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि १९५३ साली त्यांचं सरकार उलथवलं गेलं. हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांना गायीत तेल दिसलं यात नवल नाही.

दुसरं उत्तर तसव्वुफचं. आशिक आणि माशूक यांच्यातला पडदा गळून पडणं, म्हणजे 'फना'. मौलाना रूमींच्या मसनवीत मजनूची एक हिकायत आहे. रक्त काढायला आलेल्या वैद्याला तो थांबवतो, कारण माझ्या अंगात लैलाच आहे, नस्तर तिला लागेल, अशी त्याला भीती वाटते. ही हिकायत ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हसन वेडा वाटत नाही, पोहोचलेला वाटतो.

तिसरं उत्तर आधुनिक साहित्याचं. काफ्काचा नायक सकाळी उठतो तो किडा होऊन. ती कथा सादिक हिदायत यांच्यामुळे फारसी वाचकांना ठाऊक होती. पण किडा होणं ही काफ्काच्या नायकावर कोसळलेली आपत्ती आहे. हसन आपल्या पायांनी गोठ्यात जातो.

प्रत्येक उत्तर थोडं बसतं आणि थोडं उरतं. गाय तेल असेल तर तिचं ते न्हाणं, तिच्या मानेवरून फिरणारा तो हात, याचं काय करायचं? ती माशूक असेल तर मग गावाची गरिबी कशासाठी दाखवली? त्यात ते तीन 'बोलुरी' आहेत. शेजारच्या वस्तीतले, गुरं चोरणारे म्हणून गाव त्यांना भितं. ते टेकडीवर नुसते उभे दिसतात, काळ्या सावल्यांसारखे. त्यांनी गाय मारली का? चित्रपट हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. बोलुरी हा शब्द कानाला आपल्या 'बिलोरी'सारखा लागतो आणि मला दर वेळी वाटतं की ते तिघे गावासमोर धरलेला बिलोरी आरसा आहेत. पण तेही माझंच वाटणं. मेहरजुईंनी त्यांच्या हातात काही ठेवलेलं नाही.

वर्गात प्रतीक शिकवताना माझी अडचण इथेच होते. मार्गदर्शक पुस्तकात दोन रकाने असतात. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ. पणती म्हणजे आशा, पिंजरा म्हणजे गुलामी. जोड्या लावा, चार गुण. पोरं घडाघडा पाठ करतात. बी.एड.ला आम्हालाही असंच शिकवलं होतं. 'गाव'मधली गाय या रकान्यांत बसवायला घेतली की उजवी बाजू भरतच जाते आणि डावीकडची गाय दिसेनाशी होते.

साएदी मनोविकारतज्ज्ञ होते हे विसरून चालणार नाही. स्वतःला गाय समजणाऱ्या माणसाची गोष्ट फारसी साहित्यात फार जुनी आहे. बाराव्या शतकातल्या निज़ामी अरूज़ी यांच्या 'चहार मक़ाला'त ती येते. बुवैही घराण्यातला एक राजपुत्र स्वतःला गाय समजू लागतो. मला कापा, माझ्या मांसाची चांगली हलीम होईल, म्हणून ओरडतो. खाणंपिणं बंद. हकीम इब्न सीनांना बोलावलं जातं. ते सुरी घेऊन खाटकाच्या रूपात येतात, त्याला आडवं पाडून त्याच्या बरगड्या चाचपतात आणि म्हणतात की ही गाय फार रोडावली आहे, आधी हिला खाऊ घाला. राजपुत्र जाड व्हायचं म्हणून खाऊ लागतो, अन्नातून औषध पोटात जातं आणि तो बरा होतो.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. इब्न सीना रोग्याला खोटं पाडत नाहीत. त्याच्या गायपणात शिरतात, तिथे त्याचा हात धरतात आणि त्याला बाहेर आणतात. हसनचे गावकरी वाईट नाहीत. त्यांनी पहिलं खोटं दयेपोटी बोललं. पण त्यानंतर एकही जण त्याच्याजवळ बसून, तुझी गाय मेली रे, असं म्हणत रडत नाही. शोक करायलाच त्याला जागा दिली गेली नाही. ज्या पुस्तकाचं नावच 'शोक पाळणारे' आहे त्यातल्या या कथेत हसनच्या वाट्याला अज़ादारी येत नाही. मेलेल्या गायीसाठी रडता आलं नाही म्हणून तो जिवंत गाय झाला, असं मला वाटतं. हा गायीचा अर्थ नव्हे. गावाने काय केलं, एवढंच यातून कळतं.

पुढचा इतिहासही अर्थ लावणाऱ्यांचाच आहे. १९ ऑगस्ट १९७८ रोजी आबादानच्या रेक्स सिनेमागृहाला आग लावली गेली आणि शेकडो माणसं आत जळून मेली. पडद्यावर मसऊद किमियाई यांचा 'गवज़्नहा' चालू होता. गवज़्नहा म्हणजे हरणं. क्रांतीच्या त्या काळात अनेक थिएटरं जाळली गेली. इराणात सिनेमा उरणार की नाही, अशी वेळ आली. मग खोमेनींनी 'गाव' टीव्हीवर पाहिला आणि त्याची तारीफ केली. आम्ही सिनेमाच्या नव्हे, त्याच्या गैरवापराच्या विरोधात आहोत, असं ते आधी बोललेच होते. इराणचा सिनेमा एका गायीने वाचवला, असं आजही म्हटलं जातं. शाहाच्या माणसांना जी गाय बदनामी वाटली होती, ती नव्या सत्तेला बोधप्रद वाटली. गाय तीच होती.

माणसांच्या वाट्याला मात्र तशी कदर आली नाही. शाहाच्या गुप्त पोलिसांनी साएदींना १९७४ मध्ये तुरुंगात टाकलं होतं. क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला आणि १९८५ मध्ये ते पॅरिसला परदेशातच वारले. तिथल्या पेर लाशेझ कब्रस्तानात हिदायतही आहेत, साएदीही. मेहरजुई काही वर्षं फ्रान्समध्ये काढून परतले, चित्रपट करत राहिले, सेन्सॉरशी भांडत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची आणि त्यांच्या पत्नीची राहत्या घरी हत्या झाली.

आपल्याकडे गाय हा शब्द काढला की माझ्या नावाच्या माणसाला आधी आजूबाजूला बघावं लागतं. आपण काय बोललो याआधी कोण बोललं हे पाहिलं जातं. गायीचा अर्थ आपल्या देशात एका रकान्यात पक्का करून टाकला आहे आणि तिला पाळणारे, विकणारे, तिच्या दुधावर पोरं वाढवणारे हात त्या रकान्यात मावत नाहीत. म्हणून मला वाटतं की हा चित्रपट आपल्या लोकांनी पाहावा. एका मुस्लिम खेड्यातला मुस्लिम माणूस आपल्या गायीवर इतकी माया करतो आणि त्या मायेला कोणताही झेंडा लागत नाही.

चित्रपटाच्या शेवटाकडे हसनची बायको दिवा घेऊन छतावर वाट पाहताना दिसते. ती कोणाची वाट पाहते, नवऱ्याची की गायीची, हेही मेहरजुई सांगत नाहीत. पोरांनी विचारलं तर मीही सांगणार नाही. आधी पाहा म्हणेन.