एसएमपीएस-बदल, डेस्कटॉप संगणकातील

एसएमपीएस-बदल म्हणजे डेस्कटॉप संगणकाला वीज पुरवणारा जुना संच काढून तेथे अधिक क्षमतेचा किंवा अधिक चांगल्या प्रतीचा संच बसवणे. हा संच प्लगमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी प्रवाह घेतो आणि संगणकाच्या भागांना १२, ५ व ३.३ व्होल्टचा डीसी प्रवाह देतो. संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा एक क्षीण पुरवठा मदरबोर्डला चालू राहतो. पॉवरचे बटण दाबताच यंत्र सुरू होते, ते याच पुरवठ्यामुळे.

गरज : नवे ग्राफिक्स कार्ड बसवणे हे या बदलाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण जुनेपणाचे. उष्णतेने संचातील कपॅसिटर वर्षागणिक क्षीण होतात आणि भार वाढला की व्होल्टेज खाली येते. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू होताच संगणक अचानक बंद पडणे किंवा आपोआप रीस्टार्ट होणे, हे त्याचे लक्षण होय. मात्र प्रोसेसर तापल्यामुळे किंवा रॅममधील दोषामुळेही असेच घडू शकते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी त्या दोन्ही शक्यता तपासणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी : १९८१ च्या आयबीएम पीसीतील संच ६३.५ वॅटचा होता. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे संच, मदरबोर्ड व कॅबिनेट एकमेकांना जुळू लागले. त्या काळी बराचसा भार ५ व ३.३ व्होल्टवर असे. २००० च्या सुमारास पेंटियम ४ प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा स्वतंत्र चार पिनांचा कनेक्टर आला, पुढे मुख्य कनेक्टरही २० वरून २४ पिनांचा झाला. आज प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवर चालतात. म्हणून संचाची खरी ताकद त्याच्या १२ व्होल्टच्या क्षमतेवरून ठरते.

क्षमतेची निवड : खोक्यावरील वॅटच्या आकड्यापेक्षा संचाच्या बाजूला चिकटवलेला तक्ता महत्त्वाचा असतो. ४५० वॅटचा म्हणून विकल्या जाणाऱ्या संचावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलेले असेल, तर त्या मार्गाने २१६ वॅटच मिळतात. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त संचांत ही तफावत विशेषकरून आढळते.

भाराचा हिशेब भागवार करतात. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारे ७६ वॅट घेतो आणि आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट घेते. मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांचे ५०-६० वॅट धरले, तर एकूण भार ३२० वॅटच्या आत राहतो. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा संच सुचवते. ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० साठी हीच शिफारस ८५० वॅटची आहे. इतकी वाढीव जागा ठेवण्याचे कारण म्हणजे ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अत्यल्प अंशासाठी नेमून दिलेल्या भाराहून बरीच जास्त वीज ओढतात. मोठ्या क्षमतेचा संच बसवल्याने विजेचा वापर वाढतो हा समज चुकीचा आहे, कारण संगणक लागेल तेवढीच वीज घेतो.

कार्यक्षमता : २००४ मध्ये सुरू झालेली ‘८० प्लस’ प्रमाणपत्रे संचाची कार्यक्षमता दाखवतात. ३०० वॅट देताना ८५ टक्के कार्यक्षम संच सुमारे ३५३ वॅट घेतो आणि ९० टक्के कार्यक्षम संच ३३३ वॅट घेतो. रोज सहा तास अशा भाराने वापर झाला, तरी महिन्याची बचत सुमारे साडेतीन युनिटची होते. व्होल्टेज किती स्थिर राहते किंवा शॉर्ट सर्किटपासून संरक्षण कसे आहे, हे या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

आकार व कनेक्टर : एटीएक्स संचाची रुंदी १५० व उंची ८६ मिलिमीटर असते. लांबी मात्र बदलते, म्हणून कॅबिनेटमधील जागा मोजून घ्यावी लागते. लहान कॅबिनेटसाठी एसएफएक्स हा वेगळा आकार आहे. कार्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक ब्रँडेड संगणकांत आकार किंवा पिनांची रचना वेगळी असते, त्यांना बाजारातील सर्वसाधारण संच चालत नाही. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत, सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५ वॅट व आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट मिळतात. २०२२ पासून आलेला सोळा पिनांचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वीज देतो. तो अर्धवट बसल्यास तापून वितळल्याची उदाहरणे घडली. त्यामुळे २०२३ मध्ये त्याच्या पिनांची लांबी बदलण्यात आली.

बसवण्याची कृती : संगणक बंद करून मागची वायर काढतात व पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरतात, म्हणजे उरलेला विद्युत्‌भार निघून जातो. जुन्या जोडण्यांचा फोटो काढून ठेवणे सोयीचे असते. त्यानंतर केबल सोडवून मागच्या बाजूचे चार स्क्रू काढले की संच बाहेर येतो. नवा संच बसवताना त्याच्या पंख्याला हवा मिळेल अशी दिशा ठेवतात आणि प्रत्येक कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबतात. मॉड्युलर संचांतील केबल सुट्या होतात, पण जुन्या संचाच्या केबल नव्या संचाला कधीही लावू नयेत. संचाकडील पिनांची रचना प्रमाणित नसते. कनेक्टर बरोबर बसला तरी चुकीचे व्होल्टेज जाऊन डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

चाचणी : यंत्र सुरू झाल्यावर बायोसमध्ये व्होल्टेज पाहता येते. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ या मर्यादेत असावा. पूर्ण भाराखालीही तो या मर्यादेत राहिला पाहिजे.

अर्थिंग व यूपीएस : संचातील फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या जोडणीत कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट येऊ शकतात व हात लागताच झिणझिण्या येतात. म्हणून तीन पिनांचा प्लग व चालू अर्थिंग अनिवार्य आहे. लोडशेडिंग असलेल्या भागांत यूपीएसचाही हिशेब करावा लागतो. ६०० व्हीए क्षमतेचे अनेक यूपीएस ३६० वॅटच देतात, त्यामुळे नव्या ग्राफिक्स कार्डाचा भार त्यांना झेपेलच असे नाही.

दक्षता : संचाचे आवरण उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. निकामी संच ई-कचऱ्यात मोडतो व तो अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा लागतो.